भिंतीपलीकडची पावलं

पहिला भाग आम्ही दोघांनी खेळला, पण कंट्रोलर एकच होता आणि तो नेहमी अक्काच्या हातात असे. ऐकण्याचं काम माझ्याकडे होतं.

टीव्ही बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या घरात वरच्या खोलीत होता. खाली वडिलांचं शिवणकामाचं दुकान, रविवारीही संध्याकाळपर्यंत उघडं. वर आवाज थोडा मोठा झाला की वडील कापड मोजायच्या गजानं छताला ठोकत. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तलवारी वाजू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं असे. त्यामुळे आवाज इतका बारीक ठेवावा लागे की पलंगावर बसलेल्या अक्काला काहीच ऐकू येत नसे. मी टीव्हीला चिकटून, स्पीकरला कान लावून जमिनीवर बसे.

आणि तो खेळ ऐकण्याचाच होता. काही शतकांपूर्वीचं एक युरोपी बंदर, मिठाच्या व्यापारावर गबर झालेलं, आणि त्यात गुप्त निरोप पोचवणारी एक तरुण बाई. तिच्याकडे हत्यार म्हणावं असं काही नाही. पहारेकरी दिसला की लपायचं, तो वळला की पुढे सरकायचं. भिंतीपलीकडचा पहारेकरी दिसत नाही, त्याची पावलं तेवढी ऐकू येतात. फरशीवर वेगळी, लाकडावर वेगळी, ओल्या वाळूत जवळजवळ नाहीतच. ती ऐकून मी सांगायचं आणि अक्कानं पाऊल टाकायचं. येतोय म्हणजे ‘बर्ताने’, गेला म्हणजे ‘होदा’. खालचे कारागीर वडिलांच्या येण्याजाण्याबद्दल एकमेकांना कन्नडमध्ये याच शब्दांनी सावध करत. आम्ही ते तिथून उचलले.

अक्का तेव्हा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होती. सहा दिवस कंपनीची बस, सातवा दिवस खेळाचा. मी नुकताच एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर लागलो होतो. ड्युटी संध्याकाळची, म्हणून दुपार मोकळी. इतर दिवशी आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नव्हतो. भांडण नव्हतं, बोलण्यासारखं काही नसे. रविवारीही बोलणं त्या दोन शब्दांपलीकडे क्वचित जाई.

पुढे ती जर्मनीला गेली. मशीनचे सुटे भाग तयार करणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली होती. दोन वर्षांसाठी म्हणून गेली आणि तिथेच राहिली. वडील वारले, दुकान पडदे विकणाऱ्या एकाला भाड्यानं दिलं, वर आई आणि मी राहिलो. अक्काचा फोन येई. आईशी ती बराच वेळ बोले. मग फोन माझ्याकडे यायचा.

‘जेवलास का?’

‘हो. तू?’

‘इथे अजून व्हायचंय. हवा कशी आहे?’

‘बरी आहे.’

‘सरी मग, ठीक आहे.’

फोन ठेवल्यावर आई म्हणायची, ‘एवढंच? सख्खी बहीण आहे की बँकवाली?’

दुसरा भाग आला त्या आठवड्यात अक्काचा फोन थेट माझ्या नंबरावर आला. रविवारची दुपार होती, तिच्याकडे सकाळ.

‘आला रे,’ ती म्हणाली. ‘बसतोस का?’

कुठे बसायचं, हे तिनं ठरवून ठेवलेलं होतं. खेळ तिच्याकडे चालणार. त्याचं चित्र आणि आवाज इंटरनेटवरून माझ्या लॅपटॉपवर येणार. आमचं बोलणं फोनवर. तिकडे रविवारी शेजाऱ्यांना आवाज खपत नाही, म्हणून तिचा टीव्ही मुका राहणार. हेडफोन लाव म्हटलं तर त्यानं कान दुखतात म्हणाली. म्हणजे ऐकणारा पुन्हा मी एकटा. डेस्कवर दुसऱ्याची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, हे कोणाकडून कळलं आणि ताडून पाहिलं का. या माहितीबाबत तो प्रश्न मी विचारला नाही.

दुसऱ्या भागात तीच बाई आहे, वीस वर्षांनी मोठी. केस पिकलेत. भिंतीवरून उतरताना गुडघ्यावर हात टेकते आणि कण्हते, आणि ते कण्हणंही पहारेकऱ्याला ऐकू जातं. बंदर गाळानं भरलंय, व्यापार दुसरीकडे गेलाय. निम्म्या वखारी रिकाम्या आहेत. तिला शेवटचा एक निरोप नदीपलीकडे पोचवायचा आहे.

पहिल्याच रविवारी एक अडचण लक्षात आली. मी ‘होदा’ म्हणालो, अक्का निघाली आणि समोरच्या पहारेकऱ्यानं तिला पकडलं.

‘तुझा आवाज उशिरा येतो,’ अक्का म्हणाली.

‘तुझं चित्र उशिरा येतं.’

‘माझ्याकडे बरोबर दिसतंय.’

‘तुझ्याकडे दिसणारच. खेळ तुझ्याकडे आहे.’

‘मग चूक कोणाची?’

‘कोणाचीच नाही. समुद्राखालच्या तारेची.’

‘नेहमीचंच. तुझी चूक कधी नसतेच, पहिल्यापासून.’

दोघांचंही बरोबर होतं. तिच्याकडून चित्र यायला थोडा वेळ, माझा शब्द जायला थोडा वेळ. दोन्ही मिळून एक श्वास. तेवढ्यात पहारेकरी वळतो. यावर एकच उपाय होता. पहारेकऱ्याची फेरी पाठ करायची आणि तो यायच्या आधीच ‘बर्ताने’ म्हणायचं. ते बऱ्यापैकी जमलं. पण या भागात काही पहारेकरी फेरी मध्येच बदलतात, खोकतात, मागे वळून पाहतात. तिथे माझा अंदाज चुके. अक्का पकडली जाई, पडदा काळा होई आणि ती म्हणे, ‘परत.’ रागावत नसे. कारखान्यात ती चुकलेल्या मापावरून लोकांना फैलावर घेई, हे घरी सर्वांना माहीत होतं. इथे नुसतं ‘परत’.

असे रविवार जात राहिले. आई जेवण करून आत आडवी व्हायची, मी लॅपटॉप घेऊन बसायचो. पहारेकरी दूर असला की मधल्या वेळात अक्का काहीबाही बोले. तिच्या इमारतीत खालच्या मजल्यावरची बाई रोज एकाच खिडकीत बसते. ऑफिसात तिचं नाव सगळे चुकीचं उच्चारतात, आणि आता तीही तसंच उच्चारते. डोळे पडद्यावर असल्यामुळे हे बोलणं सोपं जात असावं. साध्या फोनवर ती यातलं काही बोलली नसती आणि मी विचारलंही नसतं.

खेळाला शेवट असतो. नकाशावर नदी जवळ येत चालली होती, आणि ती पार झाली की रविवारच्या फोनला कारण उरणार नव्हतं. आम्ही परत ‘जेवलास का’वर येणार होतो. हे दोघांनाही कळत होतं. एखाद्या अंगणात अडकून सगळी दुपार गेली की मला वाईट वाटत नसे.

त्याच सुमारास आमच्या रविवारच्या पुरवणीच्या संपादकांना या खेळावर मजकूर हवा होता. परीक्षण नको, शहरातल्या खेळणाऱ्यांना काय वाटलं ते हवं. मी रविवारी दुपारी काय करतो, हे डेस्कवर माहीत होतं. काम माझ्याकडे आलं.

ठरल्याप्रमाणे माणसं गाठली. नागपूरहून आलेला एक इंजिनियर चहाच्या टपरीवर भेटला. त्याची तक्रार बाईच्या वयाबद्दल होती.

‘पहिल्या भागात मांजरीसारखी उड्या मारायची. काहून म्हातारी केली तिला? मी दिवसभर खुर्चीत बसून कण्हतो, घरी येऊनही तेच ऐकायचं का?’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘पहिला भाग आम्ही चौघं खेळायचो. पीजीत. एक टीव्ही, तोही मालकाचा. हरला की कंट्रोलर दुसऱ्याला.’

‘आता?’

‘आता माझा पंचावन्न इंची आहे.’

एक इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांच्या मते पहारेकऱ्यांच्या अंगरख्यांची बटणं त्या काळातली नाहीत आणि मिठाची पोती जरुरीपेक्षा पांढरी आहेत. हे त्यांनी बारकाईनं सांगितलं. खेळ दोनदा पूर्ण केल्याचंही सांगितलं. पहिला भाग त्यांनी मुलाबरोबर खेळला होता. मुलगा आता दुसऱ्या शहरात शिकतो आणि फुटबॉलचे खेळ खेळतो.

दुसऱ्या भागाबद्दल विचारलं की लोक पहिल्याबद्दल बोलत. चित्र सुधारलं आहे, बंदर सुंदर आहे, गोष्ट चांगली आहे, आणि मग ‘पण’. त्या ‘पण’नंतर खेळातलं काही येत नसे. ती खोली येई, तिथे शेजारी कोण बसलं होतं ते येई. हे मजकुरात कसं घ्यायचं ते ठरेना, तेव्हा जसं बोलले तसं उतरवून ठेवलं.

शेवटी जे. पी. नगरमध्ये एका बाईंकडे गेलो. मूळच्या पुण्याच्या, सॉफ्टवेअर कंपनीत. नवऱ्यानं चहा ठेवला आणि म्हणाला, ‘विचारा, विचारा. घरात आमच्याशी बोलत नाही, त्या म्हातारीशी बोलते.’

‘तू गप्प बस रे. तू अजून पहिल्या वखारीत अडकलायस,’ बाई म्हणाल्या. त्यांनी खेळ दोन वीकेंडमध्ये संपवला होता.

माझ्या मजकुराचा कच्चा मसुदा तयार होता. त्यातलं एक वाक्य पक्कं करून घ्यावं म्हणून मी ते वाचून दाखवलं: या भागातही भिंतीपलीकडचा पहारेकरी दिसत नाही, खेळणाऱ्याची सगळी भिस्त कानांवर आहे.

बाईंनी कप खाली ठेवला. ‘असं कसं? लिसन मोड आहे ना.’

‘म्हणजे?’

‘पहिल्या मिशनपासून आहे. तुम्ही खेळलाय ना?’

‘बघितलाय,’ मी म्हणालो.

त्यांनी टीव्ही लावला, खेळातल्या बाईला एका भिंतीशी नेऊन उभं केलं आणि एक बटण दाबून धरलं. सगळं चित्र राखाडी झालं. भिंत काचेसारखी पातळ झाली आणि तिच्या पलीकडे दोन पहारेकरी दिसू लागले. प्रत्येक पावलासरशी त्यांच्या पायांभोवती पांढरी वर्तुळं उठत होती, पाण्यात खडा टाकल्यासारखी. आवाज पूर्ण बंद असता तरी चाललं असतं.

‘हे नसेल तर वेडच लागेल,’ बाई म्हणाल्या. ‘सेटिंग्जमध्ये जाऊन ऑफ करता येतं, पण कोण करेल? आमच्या ग्रुपवर एकानं केलं होतं. दोन दिवसांत परत ऑन केलं.’

ते राखाडी चित्र मी तोपर्यंत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

कार्यालयात येऊन ते वाक्य काढलं आणि बटणाबद्दल दोन ओळी घातल्या. मजकूर वेळेत गेला. त्यात सगळे होते, आम्ही दोघं नव्हतो.

पुढचा रविवार आला तेव्हा अक्का जकातीच्या वाड्यात होती. तो ओलांडला की घाट, घाटावर होडी, होडीनंतर शेवट. वाड्याच्या अंगणात फेरी बदलणारा एक पहारेकरी होता. मी ‘होदा’ म्हणालो. अक्का निघाली. तो वळला. पडदा काळा.

‘परत,’ अक्का म्हणाली.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मी नीट पाहिलं. या वेळी पहारेकरी तिच्या पडद्यावर समोरच होता, भिंतीआड नव्हता. तिला तो माझ्या आधी दिसत होता. तो वळणार, हे तिला आधी कळत होतं. तरीही माझा शब्द येईपर्यंत ती थांबली आणि शब्द आल्यावरच निघाली, पहारेकऱ्याच्या तोंडासमोर.

‘परत.’

‘अक्का, ते बटण दाब ना,’ मी म्हणालो.

‘कुठलं?’

‘ऐकायचं. भिंतीतून दिसतं ते.’

तिकडून उत्तर यायला तारेपेक्षा जास्त वेळ लागला.

‘कुणी सांगितलं तुला?’

‘पेपरसाठी लोकांना विचारत होतो. सगळ्यांना माहीत आहे.’

‘हं. पेपरवाले. सगळ्या गावाला माहीत झालं की मग यांना कळतं.’

‘बंद केलंयस?’

‘आणला त्याच दिवशी एकटी बसले होते,’ ती म्हणाली. ‘ते बटण दाबलं. सगळं बरोबर दाखवतं ते, एकदाही चुकत नाही. पहिली वखार कधी संपली कळलंही नाही. मग बंद केलं, खेळलेलं सगळं पुसून टाकलं आणि तुला फोन लावला.’

‘आणि शेजारी?’

‘शेजारी आहेत. पण एवढे वाईट नाहीत.’

‘आणि कान?’

‘दुखतात,’ ती म्हणाली. मग हसली. ‘स्वल्प.’

आतून आईच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला. पडद्यावर म्हातारी बाई भिंतीला टेकून उभी होती. कोणी काही केलं नाही तर ती हाताची ओंजळ करून त्यात फुंकर घालते, थंडी असल्यासारखी. हे मी पूर्वी पाहिलं नव्हतं. तिला इतका वेळ कधी उभं ठेवलं नव्हतं.

‘माझ्या शब्दानं तू मरतेस, अक्का,’ मी म्हणालो.

‘मग काय झालं? परत उठते.’

‘असं वर्षभर चालेल.’

‘चालू दे की. तुला कुठे जायचंय?’

कुठेच जायचं नव्हतं. तसंच चालू द्यावं असं वाटतही होतं. पण आता तो खेळ उरला नव्हता. मला माहीत नव्हतं तोवर माझा शब्द खरा होता. आता ती मुद्दाम पकडली जाणार आणि मी मुद्दाम उशीर करणार, आणि हे दोघांनाही माहीत असणार. अशानं तेही फोनवरच्या ‘हवा कशी आहे’सारखं झालं असतं. हे तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘आता नाही ना जमणार?’

‘नाही.’

‘सरी.’

तिनं सेटिंग्ज उघडली. चित्र राखाडी झालं. वाड्याच्या भिंती पातळ झाल्या आणि सगळे पहारेकरी एकदम दिसले, पांढऱ्या वर्तुळांत चालणारे. इतके दिवस मी त्यांना पावलांवरून ओळखत होतो. लंगडणारा मला वाटला होता त्यापेक्षा बराच तरुण निघाला.

अक्का निघाली. ती किती चांगली खेळते, ते मी त्या दिवशी पाहिलं. कुठेही न थांबता अंगण, जिना, कठड्यावरून खाली, एकदा कण्हणं, मग घाट. मी काही बोललो नाही. तिनं विचारलं नाही. होडी पाण्यात सरली, धुकं आलं, पलीकडच्या काठावर एकानं हात पुढे केला. निरोप काय होता, ते खेळात शेवटपर्यंत सांगत नाहीत.

मग खेळ तयार करणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. ती खूप असतात. आम्ही ती वाचल्यासारखं करत राहिलो.

‘पुढच्या रविवारी काय सांगून फोन करू?’ अक्कानं विचारलं.

‘असाच कर.’

‘असाच केला की तू तीन वाक्यांत ठेवतोस.’

‘तूही ठेवतेस.’

‘मीही,’ ती म्हणाली. ‘तिसरा भाग काढतील का रे?’

‘काढला तर बरीच वर्षं लागतील. ही तर आत्ताच म्हातारी आहे.’

नावं संपली. पडदा काळा झाला आणि लॅपटॉपमध्ये माझ्या मागची खिडकी दिसू लागली.

‘तुझी खिडकी उघडी आहे का?’ तिनं विचारलं.

‘आहे.’

‘फोन बाहेर धर.’

मी खिडकीशी जाऊन फोन गजांबाहेर धरला. खाली बसस्टँडकडे वळणाऱ्या गाड्या, हॉर्न, मागे येणाऱ्या बसला थाप मारून ‘बर्ली, बर्ली’, येऊ दे, येऊ दे, म्हणणारा कंडक्टर, फळांच्या गाड्या. मला तो सगळा आवाज मोठा वाटत होता. बराच वेळ धरून फोन कानाला लावला.

‘काही येत नाही,’ अक्का म्हणाली. ‘फक्त तुझा श्वास येतो.’

हे फोन मागचा आवाज गाळून टाकतात. बोलणारा माणूस तेवढा पुढे पाठवतात, बाकीचं कचरा समजतात. मी तिला तसं सांगितलं.

‘मग तूच सांग. काय चाललंय खाली?’

‘खाली नेहमीप्रमाणे वाहतूक आहे. बाजारामुळे रस्त्याची एक बाजू…’

‘अरे शाण्या, पेपरात लिहितोस तसं नको.’

मी पुन्हा पाहिलं. समोरच्या दुकानाच्या पायरीवर एक रिक्षावाला बसला होता. त्यानं चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या आणि फोनवर कोणाला तरी ओरडत होता. मी तसं सांगितलं.

‘काय ओरडतोय?’

‘जेवायला येत नाही म्हणतोय. तिकडून कोणीतरी ये म्हणतंय, हा येत नाही म्हणतोय.’

‘मग?’

‘मग काय. ऐकून घेतोय आता.’

‘उठला का?’

‘अजून नाही.’

‘बघत राहा,’ ती म्हणाली.

मी खिडकीजवळ खुर्ची ओढली.